मयुरीची दहावी

माझी मुलगी मयुरी येत्या आषाढात सतरा पूर्ण करेल. उंचीने ती माझ्यापेक्षा चार बोटं जास्त आहे. इकडे गुजराती मुलखात, डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले की त्यांच्या चपला जोडीने लावून ठेवते, आणि ते निघाले की ज्याची त्याला न चुकता पुढे करते. गल्लीतल्या पोरांशी गुजराती बोलते, टीव्हीशी हिंदी आणि आजीशी अहिराणी. कुकरच्या शिट्टीला अजून घाबरते. अनोळखी माणसाने काहीही विचारलं तरी "हो" म्हणते. या शेवटच्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

तीन वर्षांची होईपर्यंत ती चालली नाही आणि पाचव्या वर्षी बोलली. तेव्हा माझ्या सासूबाई धुरपदाबाई म्हणायच्या, "इना बाप बी चार वरीस लगून बोलना नव्हता." मग मुलाकडे बघून, "आते तरी कोठे बोलस." आम्ही हसायचो. हसण्यात दोन वर्षं गेली. डॉक्टरांकडे न्यायला उशीर झाला तो असा.

मराठी शाळेत ती सातवीपर्यंत बसली. बसली म्हणजे खरोखर फक्त बसली. सातवीनंतर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, पोरगी गुणी आहे, पण माझ्या वर्गात साठ आहेत." मी अमळनेरहून बी.ए. केलेलं. वाटलं, मग घरी एकच आहे, मी शिकवते.

मुक्त शाळेतून घरी अभ्यास करून दहावी देता येते हे मला तेव्हा कळलं. अशा मुलांना वेळ जास्त मिळतो, शिवाय लेखनिकही मिळतो. मूल उत्तर सांगतं, लेखनिक लिहितो. मयुरीचे पप्पा भूपेंद्र सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत. तिथेच जवळ साड्यांच्या खोक्यांवर लेबल लावायला मुली घेतात, बसून काम, बायकाच बायका, मुकादमही बाईच. अट एकच, दहावी पास. त्यांनी तिथल्या साहेबांशी बोलून ठेवलं. आम्ही दोघं नसताना मयुरीचं काय, या प्रश्नाला आमच्याकडे एवढं एकच उत्तर होतं.

पुस्तकं आली तशी मी ती कापायला लागले. एका धड्याची पाच वाक्यं केली. चित्रं साड्यांच्या कॅटलॉगमधून काढली. अर्धा आणि पाव शिकवायला साडीची घडी घातली, ती म्हणाली, "ही घडी आहे, अर्धी नाही." आठ दिवस घडीच म्हणत राहिली. मग मी अपूर्णांक सोडून दिले. भूमिती सोडली. सामाजिक शास्त्राऐवजी गृहविज्ञान घेतलं. सोडत सोडत जे उरलं, ते तिला येईल असं करायचं ठरवलं.

घरात साडीवर खडे चिकटवायचं काम येतं. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात येतं. पाटावर पदर पसरायचा, गोंदाचा थेंब टाकायचा, मेणाच्या काडीने खडा उचलायचा आणि थेंबावर ठेवायचा. दुपारी दोन ते पाच माझं काम चालायचं आणि समोर बसून मयुरीचा अभ्यास. मी विचारायचे, "सात आणि आठ?" ती खाली मान घालून म्हणायची, "तेरा... चौदा... पंधरा." आणि थांबायची. बरोबर असायचं. मला वाटायचं, ही मनात पुढे मोजते आहे. वहीत मी तसं लिहूनही ठेवलं, 'पुढे मोजून बेरीज जमते.' भाजी आधी चिरायची की धुवायची? "चिरायची... धुवायची." बरोबर. दिवाळीपर्यंत शंभरातले साठ प्रश्न तिला यायला लागले. भूपेंद्र रात्री जेवताना वही मागायचे आणि बरोबरच्या खुणा बघत जेवायचे.

परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी एकदा लेखनिकाबरोबर सराव घ्यावा असं मला वाटलं. वरच्या मजल्यावरची दिपाली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ती आनंदाने तयार झाली. मी वीस प्रश्न काढले, सगळे मयुरीला येणारे. दोघी आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं. मी बाहेर साडी घेऊन बसले.

तासाभराने दिपाली बाहेर आली. कागद माझ्या हातात न देता तिने पाटावर ठेवला.

पहिला प्रश्न, सात आणि आठ किती. खाली दिपालीच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, आणि असंच एक्केचाळीसपर्यंत.

"हे काय आहे?"

"ती म्हणेल ते लिहायचं ना, काकू. नियमच तसा आहे. एक्केचाळीसला माझा हात दुखला म्हणून मी पेन खाली ठेवलं, तर म्हणाली, झालं."

"मग पंधराला थांबवायचं ना तिला."

"मी कशी थांबवणार?" दिपालीचे डोळे भरून आले. "ती प्रश्नाकडे बघतच नाही, काकू. माझ्या पेनाकडे बघते."

दुसऱ्या उत्तरात चिरायची आणि धुवायची आळीपाळीने पान भरून होती.

कोपऱ्यात सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"ती तुना हात दखस व," त्या म्हणाल्या. "खडा ठेवना का ती थांबस."

"म्हणजे?"

"चूक बोलनी ते तुना हात वरच ऱ्हास. बरोबर बोलनी का खाले येस. माले वाटनं तुले माहीत शे. तूच तिले तसं शिकाडी ऱ्हायनी."

मी मयुरीला समोर बसवलं. गोंदाचा थेंब टाकला, खडा उचलला. "मयुरी, सात आणि आठ?"

"तेरा..."

मी खडा ठेवून दिला. मयुरी थांबली. माझ्याकडे बघून हसली, बरोबर आल्यावर हसते तशी.

"नऊ आणि सहा?" तिने बारापासून सुरू केलं. मी एकोणीसला खडा ठेवला. एकोणीसला थांबली. पुन्हा हसली. सासूबाई म्हणाल्या, "बस कर आते."

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि पुन्हा विचारलं. ती मोजत राहिली, तीस, पस्तीस, चाळीस. आवाज बारीक होत गेला. मग विचारलं, "आई, हात दुखतो का?"

अकरा महिने होते ते. मी त्या दिवशी वही उघडली नाही, पण मला माहीत होतं की तिच्यातली प्रत्येक खूण माझ्याच हाताची आहे. तिला काही येतं असं मी जे जे म्हटलं होतं, ते मला येत होतं. ती फक्त माझ्यावर लक्ष ठेवून होती, दिवसाला तीन तास, एकदाही न कंटाळता.

फॉर्मला एकोणीस दिवस होते. ते सगळे मी वापरले. काम बंद ठेवलं. तिच्याकडे पाठ करून विचारलं, पडद्याआडून विचारलं. पाठमोरी बसले की ती माझ्या खांद्याकडे बघायची. पडद्याआडून विचारलं की रडायची. चिंचोके समोर ठेवले तर दहापर्यंत मोजते, हे मात्र खरं निघालं. दहापर्यंत तिला पाचवीतही येत होतं.

सोळाव्या दिवशी भूपेंद्रला सगळं सांगितलं.

"लेखनिक म्हणून तूच बस."

"घरचं माणूस चालत नाही."

"मग दिपालीला शिकव." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पेन कुठे थांबवायचं ते. कोणाला कळणार आहे?"

मी त्यांच्यावर चिडले नाही, कारण हाच विचार माझ्या मनात तीन दिवस होता. दुसऱ्या दिवशी मी वर गेले. दिपालीची आई बाजारात गेली होती. मी बोलायला सुरुवात केली, "तू फक्त एवढंच कर," आणि पुढे बोलले सगळं. ती ओढणीच्या काठाचे दोरे काढत होती. शेवटी म्हणाली, "काकू, मला नका ना सांगू हे." मी म्हटलं, बरं. मी बी.ए. झालेली बाई त्या पोरीकडे काय मागायला गेले होते?

आणि दिपाली हो म्हणाली असती तरी त्या कारखान्यात मयुरीसमोर कोण बसणार होतं? लाल लेबल कुठे, निळं कुठे, हे विचारल्यावर ती मुकादम बाईचे हात बघत बसली असती. मुकादम बाई तिची आई नाही.

शेवटच्या तारखेला भूपेंद्र कामावरून येताना फॉर्म द्यायला थांबलेच नाहीत. फॉर्म त्यांनी डॉक्टरांच्या कागदांच्या पिशवीत घालून कपाटावर टाकला आणि हातपाय धुवायला गेले.

मयुरी तोंड धुऊन, वेणी घालून दारात उभी होती. दिपालीताई परत परीक्षा घ्यायला येणार असं तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक मीच, त्या सरावाच्या दिवशी, तिने रडू नये म्हणून.

"ताई येणार नाही आता," मी म्हटलं. "परीक्षा नाही."

"का?"

"नाही."

"मग अभ्यास?"

"तोही नाही."

ती खाली बसली. मग म्हणाली, "मग उद्या काय करायचं?"

मी म्हटलं, बघू. तिने परत विचारलं. मी परत बघू म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सासूबाईंनी तिला तांदळाचं सूप दिलं, आणि ती खडे वेचायला बसली. तांदूळ दोनदा निवडून झालेला होता. त्यात खडा नव्हता.