पाठ उचलू नको

माझं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि बाबांच्या तोंडावर धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं उगवावीत तशी दाढी उगवली होती.

झालं असं की मांडवासाठी जांभळीच्या फांद्या तोडायला ते स्वतः झाडावर चढले. आमच्या एकोडी गावात चढणारे दुसरे कोणी नव्हते असं नाही, पण बाबांना स्वतःच्या हातचंच काम पसंत. उतरले ते फांदीसकट. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं आणि रोज सकाळी वस्तऱ्यानं दाढी करायचा त्यांचा जन्माचा नेम बुडाला. सलून गावातही आहे, पण जायचं नाव नाही.

"दुसऱ्याच्या हातात मी गळा देत नसतो," ते म्हणाले. "असाच उभा राहीन मांडवात."

मला ते मुळीच चालणार नव्हतं. उभ्या जन्मात एकदाच बाबांशेजारी माझा एवढा नटलेला फोटो निघणार, आणि सासरच्यांनी तो पाहून विचारायचं, हे जंगलातून आलेले कोण? मी जाहीर करून टाकलं की दाढी मी करणार, आणि त्यांच्याच वस्तऱ्यानं करणार.

"तुले हळद लागाची आहे व, रक्त नाई," आत्या म्हणाली. ही बाबांची धाकटी बहीण, लग्नाच्या आधीच येऊन घर ताब्यात घेतलेली. मला हसू आवरेना. त्या दिवसांत मला कशाचंही हसू यायचं, डाळीत खडा निघाला तरी.

बाबांनी डाव्या हातानं वस्तरा उघडून उजेडात धरला. धार गेली होती. "आधी धार लाव. मग पाहू," ते म्हणाले. त्यांना वाटलं, मी इथेच थकेन. पण धारेत मी कमी नाही. धानकापणीच्या दिवसांत घरातले सगळे विळे माझ्याकडे यायचे. मी दगड भिजवला, खिडकीशी बसले.

"पाठ उचलू नको बरं," बाबा खाटेवरून म्हणाले. "शेवटपर्यंत टेकलेली पायजे."

मला भरूनच आलं. हात मोडलाय, तरी माणूस लेकीच्या कमरेची काळजी करतो! मी सरकून भिंतीला पाठ चिकटवली आणि विळ्याला घासते तसा वस्तरा तिरपा धरून घासायला लागले. दगड माझ्या मांडीआड होता, बाबांना दिसत नव्हता.

"पाठ टेकली ना?"

"टेकली, बाबा."

"उचलली का सगळं बिघडते."

मी आणखी ताठ झाले. घाम फुटला, पण पाठ सोडली नाही. एवढ्यात आत्या पापड वाळत घालायला आली.

"काहून व, भिताडाले पालीसारखी चिकटून काहून बसली?"

"बाबा म्हणतात पाठ उचलायची नाही."

मग बाबांच्या खाटेतून कुईकुई आवाज यायला लागला. ते हसत होते. "अवं, तुही पाठ नाई! वस्तऱ्याची पाठ! वस्तऱ्याची!" आत्या हसता हसता मटकन खाली बसली ती ओल्या पापडांवर. तिच्या लुगड्याला चिकटलेले पापड सोडवताना आम्ही तिघंही रडलो.

वस्तऱ्याची मागची जाड बाजू म्हणजे पाठ, हे तेव्हा कळलं. दगडावर ती पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवायच्या, मग किती तिरपं धरायचं ते आपण ठरवायचंच नाही. पाठीच्या जाडीनंच धारेचा कोन ठरतो. मी पाठ उचलून धारेचं टोक बोथट करून ठेवलं होतं. विळ्याला तेवढा कोन खपतो, गालाला नाही.

आता वस्तरा सपाट ठेवून घासायला लागले, पण दगड नेमका कुठे लागतोय ते समजेना. मग मी लग्नासाठी आणलेलं काजळ धारेला फासलं. चार हात मारून पाहिलं तर वरचं काजळ पुसलेलं, आणि अगदी टोकाशी काळी रेघ तशीच. म्हणजे टोकाला अजून दगड शिवलाच नव्हता. मला घाई होती. मांडवात दिवे लावणाऱ्याकडून चिकटपट्टी आणून पाठीवर लावली, म्हणजे पाठ जरा उंच होऊन टोक दगडाला लवकर लागेल.

"काढ थे!" बाबा ओरडले. "पट्टीनं कोन वाढते. मग दर वेळी पट्टी शोधत फिरशीन का?"

"दर वेळी कोण करणार आहे? लग्न एकदाच आहे माझं!" मीही ओरडले. पण काढली. राग आला की माझा हात चांगला चालतो. काळी रेघ पार गेली तेव्हा काजळाची डबी निम्मी झाली होती. मग चामड्याचा पट्टा दाराच्या कडीला अडकवून ताणून धरला, कारण तो सैल राहिला तर धार गोल होते, आणि वस्तरा पाठीकडून ओढत पुसून घेतला. हातावर फिरवून पाहिला, तर लव अलगद उडाली. मी अंगणात नाचले, नवरीनं नाचू नये असं आत्या सांगत असताना.

लग्नाच्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीवर बसले. साबण लावला. मी वस्तरा गालाशी नेला आणि त्यांना हसू फुटलं. मग मला. हसणाऱ्या माणसाची दाढी करता येत नाही. आत्याला आम्ही घराबाहेर काढलं, तरी ती खिडकीतून पापडाचा तुकडा दाखवत राहिली. शेवटी बाबांनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि गळा माझ्यापुढे केला. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला फार भीती वाटली, आणि फार आनंद झाला. एकही ओरखडा आला नाही. फोटोत बाबा नवरदेवापेक्षा गुळगुळीत दिसतात.

लग्नानंतर मी सासरी लाखनीला आले. दीड-दोन महिन्यांनी माहेरी गेले तर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले, गळ्यात टॉवेल, गालावर पुन्हा रान माजलेलं. प्लास्टर केव्हाच निघालं होतं. त्याच हातानं परवा त्यांनी लाकडं फोडली, हे अजूनही तिथेच मुक्काम ठोकलेल्या आत्यानं फोनवर मला आधीच सांगितलं होतं.

"हात बरा झाला ना, बाबा?"

"झाला."

"मग दाढी काहून नाही केली?"

त्यांनी मान मागे टाकली.

"मीच करत बसलो, तर तू कायले येशीन?"