दहा गोळे आणि द्राक्षांचा घड

बाबा विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकांच्या मागच्या फळ्या रंगवायचे. मोर, कमळ, नागमोडी वेल. स्टिकरवाले आले आणि ते काम गेलं, थिनरनं पोखरलेली छाती तेवढी उरली. मग त्यांनी घरात प्लायवूडची मोठी फळी आणली आणि ट्रकाच्याच रंगांनी देव काढायला बसले.

देव म्हणजे चेहरा नव्हे. मिशनच्या दवाखान्यातल्या एका परदेशी सिस्टरनं मायदेशी जाताना त्यांना काही छापील चित्रं दिली होती. त्यात ढगात शिरणारी शिडी होती, त्रिकोणातला डोळा होता आणि रेघांनी जोडलेले दहा गोळे होते, आत हिब्रू अक्षरं लिहिलेले. देव दिसत नाही, त्याचा प्रकाश या दहा टप्प्यांनी खाली उतरतो, असं जुने ज्यू साधक मानत. पुढं ख्रिस्ती साधकांनी त्याच आकृतीच्या मधोमध ख्रिस्ताला बसवलं. सिस्टरनं एवढंच सांगितलं होतं, पण बाबांना त्याचं वेड लागलं.

त्यांनी मधल्या गोळ्यात क्रूस काढला. सगळ्यात वरचा गोळा मात्र कोरा ठेवला. ‘डोळे मिटायच्या आधी हे चर्चमध्ये लागलेलं बघायचंय,’ एवढंच त्यांचं मागणं होतं. आयुष्यात दुसरं काही त्यांनी मागितलेलं मला आठवत नाही.

चर्चच्या मंडळीचे पंच घरी आले, चहा पिता पिता फळी निरखू लागले. आमच्याकडं माणूस ख्रिस्ती व्हायचा म्हणजे आधी दंडातला गंडा तोडायचा, भगतानं, म्हणजे गावच्या मांत्रिकानं, रेघा-अक्षरं काढून दिलेलं जंतर नदीत सोडायचं, मग बाप्तिस्म्याला उभं राहायचं. गोळे, रेघा, न कळणारी अक्षरं. पंचांना दुसरं काय दिसणार? त्यातून पंचांच्या अध्यक्षांचे आजोबाच गावचे भगत. त्यामुळं जंतराचा वास त्यांना सगळ्यांच्या आधी यायचा.

‘आणि वरचा गोळा रिकामा का?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘तिथं काही काढता येत नाही,’ बाबा म्हणाले.

‘तुम्हाला येत नसेल तर दुसरा पेंटर बघू.’

मला हसूही आलं आणि त्यांच्या हातातला कप हिसकावून घ्यावासाही वाटला.

बाबांनी जंतर काढलंय ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. नवापूरकडचा एक पोल्ट्रीवाला दारात आला. ‘काका, माले बी असं एक काढी द्या. कोंबड्या मरी ऱ्हायन्यात, शेडना दारवर टांगसू.’ बाबांनी त्याला हात जोडले आणि दार लावून घेतलं. पंचांना ज्याचं भय वाटलं तेच याला औषध वाटलं. चित्र कुणीच पाहिलं नाही.

शेवटी पंचांचा निरोप आला. बायबलात द्राक्षवेल आहे, गोळ्यांची द्राक्षं करा, अक्षरं पुसा, मग लावू. मी बाबांवर ओरडले. ‘नका करू! आपल्या तालुक्यात द्राक्ष पिकतं तरी का?’ ते खोकत म्हणाले, ‘घरात धूळ खाण्यापेक्षा भिंतीवर गेलेलं बरं गं. आत काय आहे ते देवाला माहीत.’ त्यांनी हिरवा रंग कालवला. दहाच द्राक्षं दरिद्री दिसतात असा पुन्हा निरोप आला, तेव्हा घड भरगच्च केला. क्रूस गेला, कोरा गोळाही गेला.

नाताळात फळी लागली. अध्यक्षांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, पोरींनी तिच्यासमोर फोटो काढले. कुणीतरी म्हणालं, अशी रसरशीत द्राक्षं नाशकातसुद्धा नसतील. बाबा सगळ्यांना नमस्कार करत होते. मला त्या टाळ्यांचा इतका राग आला की मी केक न खाताच घरी आले. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पुढच्या रविवारी मी बाबांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. ते अंथरुणातून उठले नाहीत.

‘बरं नाही का?’ मी विचारलं.

‘बरा आहे. तू जा,’ ते म्हणाले. ‘मी तिथं कुणापुढं गुडघे टेकू, द्राक्षांपुढं?’

मीही गेले नाही. शर्ट घडी करून कपाटात ठेवला. तो त्यांच्या अंगावर पुन्हा चढला तो शवपेटीत ठेवतानाच.