सहाचं गिरमिट

रोज सकाळी मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचं कुलूप काढलं की आर्वो मामा दिवा लावायच्याही आधी भिंतीवरच्या फळीपाशी जायचा. फळीला तीन गोल भोकं होती. सहा इंची, आठ इंची, दहा इंची. हातमोजे काढून तो दोन्ही हात जुळवायचा, मासा डोक्यामागे धरावा तसे, आणि दहाच्या भोकातून अलगद आत घालून तितक्याच अलगद बाहेर काढायचा. मग दिवा, मग कॉफी, मग आमिषाच्या टाकीत मरून तरंगणारे बारके मासे जाळीने वेचणं. हे त्याने दोन हिवाळे केलं. त्याआधीची तीस वर्षं गिऱ्हाइकाला काही दाखवायचं असेल तरच तो त्या फळीकडे वळायचा.

फळी त्यानेच केली होती. आमच्या तळ्यावर डिसेंबरपासून मार्च सरेपर्यंत बर्फ असतो, आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसणारी सगळी माणसं भोक पाडायचं गिरमिट घ्यायला त्याच्याकडे यायची. कितीचं घेऊ, हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. मामा म्हणायचा, "भोकात हात घाला." हात घातला की विचारायचा, "आता सांगा, केवढा मासा काढणार आहात?"

त्याचं स्वतःचं मत मात्र ठरलेलं होतं. सहाचं हलकं, हाताने फिरवायला सोपं, बर्फ दीड फूट जाड असला तरी दोन मिनिटांत पाणी लागतं. पर्च म्हणजे वीतभर मासा, त्याला तेवढं पुरे. त्याहून मोठे वॉलआय धरायचे तर आठचं. दहाचं लागतं ते हातभर लांब पाइकसाठी, नाहीतर फुशारकीसाठी.

"दहाचं द्या, मोटरवालं," असं एखादा मिनिआपोलिसहून आलेला शहरी माणूस म्हणाला की मामा त्याच्या नव्याकोऱ्या बुटांकडे बघायचा.

"पाय केवढा आहे तुमचा?"

"का हो?"

"दहाच्या भोकात गेला तर मांडीपर्यंत जातो. सहाच्या भोकात नुसती लाज जाते."

आणि गिरमिट कितीचंही घ्या, बांधून देताना एक ताकीद सोबत मिळायची. "दोरी पाण्यात असताना अगदी शेजारी दुसरं भोक पाडायचं नाही. पातं घसरून पहिल्या भोकात शिरतं. दोरी गेली, मासा गेला, दिवस गेला."

हे चालू असताना आतल्या खोलीतून हिल्मा मामी हसायची. तिचं स्वतःचं गिरमिट दहाचं होतं, तिच्या वडिलांचं, हाताने फिरवायचं. मुठीचा लाल रंग झिजून आतलं लाकूड दिसायला लागलं होतं. ते तिच्याखेरीज कुणी फिरवलेलं मी पाहिलं नव्हतं. ती त्याच्यावर जवळजवळ ओणवी होऊन, ओठ घट्ट मिटून फिरवायची, आणि पाणी उसळून वर आलं की झाऱ्याने बर्फाचा चुरा काढत म्हणायची, "हं, आता या म्हणावं."

"माझ्या नवऱ्याचं ऐकू नका," ती गिऱ्हाइकांना दारातून सांगायची. "तो छोटं भोक पाडतो आणि छोटे मासे आले की खूश होतो."

"आणि तू दिवसभर रिकामी बसतेस," मामा म्हणायचा.

"बसते. पण एक येतो तो तुझ्या बादलीत मावत नाही."

ते खरंच होतं. दरवर्षी ख्रिसमसच्या आधी ती तीन-चार मोठे पाइक काढायची आणि लोणचं घालायची. व्हिनेगर, कांदा, मोहरी, मिरी. चर्चच्या तळघरात जेवणाच्या लांब टेबलावर तिच्या बरण्या ठेवल्या जायच्या आणि जेवण सुरू व्हायच्या आत अर्ध्या व्हायच्या. माझी आई म्हणजे मामाची बहीण. नणंदेने भावजयीची खोड काढावी तशी ती सांगायची, "हिल्मा लोणच्याची कृती देते, पण एक जिन्नस गाळून देते." मामी म्हणायची, "गाळत नाही गं. तू छोट्या माशाचं घालतेस."

मग एका ऑक्टोबरात मामीच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. डिसेंबरात लोणचं झालं नाही. चर्चमध्ये कुणीतरी विकतच्या बरण्या आणून ठेवल्या, आणि त्या तशाच परत गेल्या. जानेवारीत एका सकाळी वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवता बुडवता ती म्हणाली, "आर्वो, मला तळ्याच्या खाडीच्या तोंडाशी ने. मला एक पाइक काढायचाय."

माझ्या आईने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "शून्याखाली दहा आहे बाहेर. वेडा झालास का?"

"ती म्हणते," मामा म्हणाला.

"ती म्हणेल. तुला डोकं आहे ना?"

पण त्याने नेलं. घर तळ्याच्या काठालाच होतं. दोन गोधड्यांत गुंडाळून त्याने तिला बर्फावरच्या घसरगाडीत बसवलं, पायाशी शेगडी आणि घडीचा तंबू ठेवला, आणि दोर खांद्यावर घेऊन ओढत निघाला.

पुढचं मी प्रथम मामीकडूनच ऐकलं, फेब्रुवारीत, तिच्या खाटेशी बसून. ती ते सगळ्यांना सांगायची, मध्ये मध्ये थांबून, श्वास गोळा करून.

"ऐक. तंबू लावला याने, शेगडी पेटवली, मला खुर्चीत बसवलं राणीसारखं. आणि पाठीमागून काढलं काय? सहाचं."

"हिल्मा," मामा दारातून म्हणाला.

"थांब रे, मजा पुढे आहे. मी म्हटलं बरं. गळ सोडला. तासभर काही नाही. आणि मग दोरी गेली बघ, अशी, एखाद्याने खालून चालत न्यावी तशी. वीस मिनिटं लढले मी. मी! याला काठीला हातसुद्धा लावू दिला नाही. शेवटी आला वर. आणि भोकात त्याचं नुसतं तोंड दिसतंय. नुसतं तोंड! डोकं आत येईना. एवढं डोकं, एवढंसं भोक. तो खाली, मी वर, आम्ही एकमेकांकडे बघतोय."

"मग?"

"मग तुझ्या मामाने काय केलं असेल?"

मामा सरपण आणायला बाहेर गेला.

"शेजारी दुसरं भोक पाडायला घेतलं," मामी म्हणाली. हसताना तिला ढास लागली, पण ती हसतच राहिली. "तीस वर्षं गावाला सांगतोय, दोरी पाण्यात असताना पाडू नका. मी म्हणतेय, आर्वो, नको. तो म्हणतोय, आलं आलं, होतंय. पातं घसरलं आणि टक्. दोरी रिकामी. त्या माशाने जाताना नीट निरोपसुद्धा घेतला नाही."

ती मार्चच्या एकविसाव्या तारखेला गेली. बर्फ अजून होता, काठाशी नुकता काळा पडायला लागला होता.

पुढच्या हिवाळ्यात दुकान उघडलं तेव्हा मामा बदललेला होता. कुणीही काहीही मागो, तो दहाचंच गिरमिट खाली काढायचा. फळीवरच्या सहाच्या भोकाशी कुणाला हात नेऊ द्यायचा नाही.

"आर्वो, नातीसाठी हवंय मला," ओले टेगन हा त्याचा चर्चमधला मित्र म्हणाला. "सहा वर्षांची आहे ती. पर्च धरते."

"दहाचं ने."

"अरे, दहाच्या भोकातून तीच खाली जाईल."

"मग दोर बांध तिला."

ओले मोठ्याने हसला आणि मामा हसत नाही हे बघून थांबला. गिरमिट घेऊन गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात परत आणून कोपऱ्यात ठेवून गेला. अशी पाच-सहा परत आली. माझी आई एकदा दुकानात उभी राहून म्हणाली, "आर्वो, तू तळ्याची चाळण करणार आहेस का? लोकांना फिरवता तरी येतात का ती?"

"येतील," मामा म्हणाला. "हिल्माला यायचं."

मी तेव्हा डुलुथला शिकत होते. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी घरी होते, आणि चर्चहून आल्यावर मामा म्हणाला, "येतेस का खाडीवर?" रविवारी तो एकटाच जातो हे गावाला माहीत होतं. बरोबर कुणाला नेल्याचं ऐकलं नव्हतं.

त्याने मामीचं गिरमिट घेतलं होतं. त्याचा उजवा खांदा कामातून गेलेला. दहा वेढे घ्यायचा आणि थांबायचा. मी दोनदा हात पुढे केला, त्याने मान हलवली. खरवडलेला बर्फ भोकाभोवती पांढऱ्या कड्यासारखा साचत गेला. पाणी उसळलं तेव्हा त्याने झारा माझ्या हातात दिला आणि उपड्या बादलीवर बसून बराच वेळ नुसता श्वास घेतला. गळ त्याने सोडलाच नाही.

"मामीनं तुला त्या दिवसाचं सांगितलं होतं ना?" तो म्हणाला.

"हो. माशाचं."

"निघताना तिनं विचारलं, मोठं गिरमिट घेतलंस ना? मी म्हटलं, सगळं घेतलंय." तो भोकाकडे बघत होता. "शेडमध्ये दोन्ही शेजारी शेजारी होती. मी आधी मोठ्यालाच हात लावला. मग मनात आलं, एवढं ओझं ओढायचं, ते फिरवायला वेळ जाणार, ती गारठणार. पण ते नंतरचं आहे. खरं म्हणजे सकाळी ती कप उचलत होती तेव्हा तिच्या वाळलेल्या मनगटाकडे लक्ष गेलं होतं माझं. तिथंच ठरलं होतं. आता हिच्याकडून पर्च निघाला तरी पुष्कळ."

"मामा, तुला कसं माहीत असणार की..."

"विचारायचं होतं. दारात येईल त्याला विचारतो, केवढा मासा काढणार. शहरातल्या त्या मोटरवाल्यांनासुद्धा विचारतो. तिनं तर न विचारता सांगितलं होतं. पाइक म्हणाली होती."

भोकातल्या पाण्यावर पातळ साय धरायला लागली होती. मी झाऱ्याने ती मोडली.

"येताना घसरगाडी ओढत होतो," तो म्हणाला. "ती मागे गोधडीत. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, 'आर्वो, पर्चपुरतीच उरले का रे मी?'"

मी झारा बर्फावर ठेवला.

"वारा होता. वाऱ्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं मी. नुसता ओढत राहिलो. तिनं परत विचारलं नाही. मी ऐकलं हे तिला कळलं होतं. खांदे कळतात मागून."

आणि मग तिने तो दिवस विनोद करून सगळ्यांना सांगितला, मरेपर्यंत, प्रत्येक वेळी तेवढं एक वाक्य गाळून. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो सरपणाला जायचा.

परत येताना त्याने घसरगाडीचा दोर मला घेऊ दिला. काठाशी आल्यावर म्हणाला, "ओलेच्या नातीला सहाचंच बरं होतं. उगाच छळलं मी त्याला." सोमवारी सकाळी त्याने एक सहाचं गिरमिट पुसून ओलेच्या घरी नेऊन दिलं. ओलेने त्याला थांबवून घेतलं. नातीने त्याच गिरमिटाने लगेच पाडलेलं भोक दाखवायला त्याला अंगणामागच्या तळ्याच्या बर्फावर नेलं म्हणे, आणि मामाने गुडघ्यावर बसून, हातमोजा काढून, त्या भोकात हात घालून बघितला.

मी डुलुथला परतले. त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, शाळेतल्या बाई बर्निस हॉगन दुकानात आल्या. त्यांचे वडील लकव्याने एका बाजूने लुळे झालेले, वृद्धाश्रमात होते. त्यांना एक दिवस बर्फावर न्यायचं बाईंच्या मनात होतं. गिरमिट सहाचंच द्या, त्या म्हणाल्या, बाबांच्या हातात काय राहिलंय आता. मामाने कुठलंच गिरमिट खाली काढलं नाही. त्याने बाईंना वडिलांकडे परत पाठवलं.

त्या साडेचारला पुन्हा आल्या. दिवा चालू होता, दार उघडं होतं. मामा शेगडीजवळच्या खुर्चीत होता, हात मांडीवर, कप शेजारच्या फळकुटावर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अर्धा तास झाला असेल.

हे बाईंनीच सांगितलं, चर्चच्या तळघरात, अंत्यविधीनंतरच्या कॉफीला. माझ्या आईचा हात त्यांनी सोडलाच नव्हता. वडिलांनी काय सांगितलं, असं आईने विचारलं. बाईंना रडू आवरेना.

"सहाचंच आण म्हणाले. पर्च खायचेत त्यांना, लोण्यात तळून. मला इतका आनंद झाला. गाडी भरधाव आणली मी, आर्वोला सांगायला."

आणि मग त्यांनी डोळे पुसले आणि त्या दुपारी मामा काय म्हणाला ते सांगितलं. गल्ल्यामागून, चष्मा कपाळावर सरकवून, नेहमीच्याच आवाजात.

"त्यांना कुठला मासा हवाय ते विचारलंत का? नाही ना? मग आधी विचारून या. पाचपर्यंत आहे मी."