रंगाखालचा गंज

काल लातुरात शेजारच्या दुकानाचं शटर रंगवत होते. ऑइलपेंटचा वास आला आणि मला निलंग्याची आमची ओसरी आठवली.

माझा भाऊ दिनकर मालवाहू जहाजावर खलाशी होता. नोकरी लावली ती दाजींनी, थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. ते मुंबईच्या बंदरात कामाला होते. "जहाज नवं कोरं हाय," असं त्यांनी आईला सांगितलं होतं. पहिल्या सुट्टीत दिनकर आला तेव्हा त्याच्या नखांत निळा रंग होता. "रंग तेवढा नवा हाय, खाली नुस्ता गंज," तो मला म्हणाला. तरी दाजींच्या शब्दाखातर परत गेला.

पावसाळ्यात ते जहाज सिमेंटसकट बुडालं. दिनकर सापडला नाही.

दाजी भेटायला आले. ओसरीवर बसून, खाली बघत म्हणाले, "ते भंगारात जाणार होतं. मला ठाऊक होतं. पण खलाशी मिळत नव्हते, अन् मी कंपनीच्या साहेबाला शब्द दिला होता."

आईनं उठून पाट मांडला. मग म्हणाली, "जेवून जावा, जावईबापू."

तेव्हा मला आईचाच संताप आला होता. आज कळतं, तिची थोरली लेक त्याच माणसाच्या घरी नांदत होती. आईनं वाढलं. दाजी पोटभर जेवले.