आधीच उघडलेली बॅग

बारावी कला शाखेच्या इतिहासाच्या पुस्तकात ज्यूंच्या संहाराला जेमतेम काही ओळी आहेत. मी त्यावर आठवडाभर घालवते आणि दर वर्षी अभ्यासक्रम मागे पडल्याबद्दल प्राचार्यांची बोलणी खाते. सेनगावच्या पोरांना जर्मनीचं काय पडलंय, असं त्यांचं म्हणणं. पण पोरांना पडलेलं असतं. तिथल्या हुकूमशहाबद्दल एक जण तरी म्हणतोच, "मॅडम, पण तो शिस्तीचा होता म्हणे." यंदा त्यावर मागून आवाज आला, "आपल्या खेळाच्या सरांसारखा!" वर्ग हसला. मी हसू दिलं.

गॅसच्या कोठड्यांपासून मी सुरुवात करत नाही. आधी दुकानांवर बहिष्कार आला, मग नोकऱ्या गेल्या, मग बागेतल्या बाकावर बसायची बंदी, मग लेकरांना शाळेतून काढलं. आगगाड्या फार नंतर. रवांडातल्या कत्तलीच्या वेळी रेडिओवरून शेजाऱ्यांनाच झुरळं म्हणत होते हे सांगितलं, तेव्हा काही जण झुरळ या शब्दाला हसले.

तास संपत आला तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. गावात त्याच्या वडिलांचं बियाणं-खताचं दुकान आहे. पोरगा हुशार, बोलका. "मॅडम, लाखो लोक होते म्हणता. मग लढले काहून न्हाईत? मेंढरावानी गपगुमान काहून गेले?"

काही जण लढले, हे मी सांगितलं. बाकीच्यांचं सांगायच्या आत घंटा झाली. उद्या बोलू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तर कुणीच जागेवर नव्हतं. त्याच मुलाचा मोबाइल गेला होता. नवा कोरा. कॉलेजात मोबाइलला बंदी, म्हणून त्यानं तो सायलेंटवर ठेवलेला. मित्राच्या फोनवरून लावून पाहिलं तर रिंग जात होती, आवाज कुठेच नव्हता.

"वर्गातच होता मॅडम. बराबर आठवतंय मला. बॅगेत टाकला अन् पाणी प्यायला गेलो."

कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण सगळी पोरं वळून एकाच बाकाकडे बघत होती. खिडकीजवळच्या त्या बाकावर एक पारधी मुलगी बसते. तिच्या वस्तीतून बारावीपर्यंत आलेली ती पहिलीच. इंग्रजांनी कायदा करून आख्ख्या जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा कधीच गेला, पण हे गावोगाव कळवायचं राहून गेलं असावं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं बॅग आधीच बाकावर रिकामी केली होती. वह्या, कंपास, एसटीचा पास, फडक्यात बांधलेली भाकर. बॅग उलटी करून, आतलं अस्तर बाहेर काढून ठेवलं होतं. दोन्ही हात बाकावर पालथे. तिला कुणीही काहीही म्हटलेलं नव्हतं.

"हे काय करून राहिलीस?" मी विचारलं.

"आमच्यात असंच करतेत मॅडम. गावात काई गेलं की आमी आधीच घराबाहेर येऊन उभे राहतो. सामान बाहेर ठेवतो. मंग मारत न्हाईत."

हे तिनं अगदी सरळ सांगितलं. उद्या सुट्टी आहे, अशा सुरात.

मी सगळ्यांना बॅगा रिकाम्या करायला लावल्या. माझी पर्स मी स्वतः टेबलावर उलटी केली. एकाच्या बॅगेतून गुटख्याची पुडी निघाली, एकीच्या बॅगेतून आरसा. थोडं हसणंही झालं. मोबाइल सापडला नाही. मला वाटलं होतं, सगळ्यांचं तपासलं की विषय संपेल. झालं उलटंच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तिनं कवाच बाहेर पोचवला असन." हातात काही न सापडणं हाच आता पुरावा झाला होता.

तेवढ्यात मुलाचे वडील आले. मित्रानं त्यांना फोन केला होता. ते दारातूनच बोलले. "मॅडम, साऱ्या वर्गाला तकलीफ काहून देऊन राहिल्या? कोण हाये ते ठावं हाये सगळ्यांना. मी ठाण्यात जातो."

मुलगी उठून माझ्याजवळ आली. आवाज खाली होता, पण घाबरलेला. "मॅडम, पोलीस नको. ते आधी माझ्या भावाला उचलतेत. बा म्हणलाय, आता पोलीस दारात आले तर कॉलेज बंद."

परीक्षा तोंडावर होती. म्हणजे आत्ताच्या आत्ता काहीतरी करायला हवं होतं. दया दाखवून ते होणार नव्हतं. मी दारात जाऊन त्या गृहस्थांना म्हणाले, "जा की ठाण्यात. मी पण येते. पण तक्रारीत वर्गातल्या प्रत्येकाचं नाव घालायचं. तुमच्या मुलाच्या मित्रांची सगळी. माझंही."

"तुमचं काहून?"

"मी वर्गात आहे ना. तीही वर्गात आहे. तिच्यात आणि माझ्यात फरक काय, ते तुम्ही साहेबांना सांगा. मी ऐकते."

"मॅडम, तुमी उगी वाढवून राहिल्या."

"व्हय," मी म्हणाले. "वाढवून राहिले."

ते पुढे आले. मी दारातून हलले नाही. पोरं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी बाजूला झाले की काय होणार, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. प्राचार्य व्हरांड्यात आले, आमच्याकडे पाहिलं आणि ऑफिसात परत गेले.

मग शिपाई आला. मागे जीपवाला होता, हातात मोबाइल. हे पोरगं रोज शेतातल्या घरून त्याच्याच जीपनं येतं. "घ्या मालक. सीटच्या फटीत पडलेला. कवाची थरथर चालू होती. मला वाटलं उंदीर हाये, म्हणून गाडी थांबवून पाह्यलं."

मुलगा लाल झाला. "पण मी बॅगेत..." एवढंच म्हणाला. वडिलांनी फोन पुसून खिशात टाकला. "चला, मिटलं. लेकरं हायेत, होतं असं." ते निघून गेले. माफी कुणी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. सांगून मागितलेली माफी तिच्या काय कामाची?

ती मात्र उभीच होती, सामान तसंच पसरलेलं. "भर आता," मी म्हणाले. तिनं एकेक वस्तू आत ठेवली. भाकर सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी तिच्या वस्तीकडे जायचं ठरवत होते. पण तिसऱ्या दिवशी ती आली. नेहमीच्या बाकावर बसली. बॅग बाकावर ठेवली, तोंड वर्गाकडे करून, चेन पूर्ण उघडी.

"चेन लाव, धूळ जाते आत," मी म्हणाले.

"राहू द्या मॅडम."

मी आग्रह केला नाही. फळ्याकडे वळले. मागून त्या मुलाचा आवाज आला. हात वर न करता बोलला, तसा तो कधी बोलत नाही.

"मॅडम, मी इचारलं व्हतं ना, लढले काहून न्हाईत."

"हो. त्याचं उत्तर राहिलंय."

"ते राहू द्या. त्यांच्या शेजारचे लोक तवा काय करत होते?"

कुणी हसलं नाही. मुलगी वहीत खाली बघत होती, पण तिचं पेन थांबलेलं होतं.

"बघत होते," मी म्हणाले. "पुस्तकं बाजूला ठेवा. आज त्यांच्यावरच बोलू."