उंबऱ्यावरची हळद

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि मी नुकतीच लातूरकरीण. दोघांचाही तोरा मोठा, आणि दोघांच्याही घरात पाणी नाही.

माहेर माझं बिलोलीकडचं, पार आंध्रच्या शिवेवरचं. गल्लीत मात्र मी ‘नांदेडची’ एवढंच सांगायची. आजीशी मी तेलुगूत भांडत वाढले, हे कुणाला कळू नये म्हणून झोपेतसुद्धा मराठीत बडबडायचा प्रयत्न करायची. आता हसू येतं, तेव्हा घाम फुटायचा. नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर शिवेकडची माणसं येऊ लागली होती आणि हातपंपावर एकच विषय होता, “हे परके आले अन् पाणी आटलं.” जसा काही पाऊस त्यांनीच गाठोड्यात बांधून ठेवला होता.

आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत असंच एक जोडपं आलं. नवरा दगड फोडायचा. बायको माझ्याच वयाची, मराठी जेमतेम. माझं सहा महिन्यांचं लेकरू तापानं फणफणलं, तेव्हा ती दारातूनच बघून गेली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी दार उघडलं तर आमचा उंबरा पिवळाधमक! हळदीनं माखलेला, वर कुंकवाचे ठिपके.

समोरच्या काकू किंचाळल्या, “करणी! अगं, लेकरावर करणी केली गं कुणी!”

ती करणी नाही, हे मला बघताक्षणीच कळलं. माझी आजी दर शुक्रवारी अस्साच उंबरा माखायची, संकट घराबाहेर राहावं म्हणून. शेजारणीनं आपल्या पुडीतली हळद माझ्या लेकरासाठी घातली होती. सगळ्या गल्लीत हे समजणारी मी एकटी, असं मला वाटलं.

बायका जमल्या. काकूंनी मलाच विचारलं, “तू नांदेडकडची ना? तिकडं करतेत का असलं?”

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या.

“छे बाई! आमच्याकडं न्हाई असलं काही,” मी म्हणाले. वर आणखी जोडलं, “कधी ऐकलंबी न्हाई.” एका खोट्यात भागलं असतं, पण मी हौशी.

सासूबाई पुढं झाल्या. बादली उचलली आणि उंबरा धुऊन काढला. अख्खी बादली ओतली! त्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही टाकत नव्हतो.

शेजारणीचे हात अजून पिवळेच होते. “हिला पंपाला हात लावू द्यायचा न्हाई,” असं ठरलं. तिनं रांगेत घागर ठेवली की कुणीतरी ती पायानं बाजूला सारायचं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती आमच्या दाराशी आली. उंबऱ्यापासून लांबच उभी राहिली.

“अक्का, ओक बिंदे नीळ्ळु.”

एक घागर पाणी. तेवढं तिला मराठीतही मागता आलं असतं. पण लेकराला मी आजीच्या बोलीत गाऊन झोपवायची आणि आमची भिंत पातळ होती. ती मला ओळखून होती.

समोर काकूंचं दार सताड उघडं.

“काय म्हणतीस? समजंना गं,” मी म्हणाले आणि दार लावलं. कडी अशी घट्ट घातली, जसं काही बाहेर भूत उभं आहे. उभी होती एक तहानलेली बाई.

संध्याकाळी त्यांनी गाठोडी बांधली. लेकराचा ताप उतरला होता. त्याला कडेवर घेऊन मी खिडकीच्या फटीतून बघितलं. तिनं वळून तेलुगूत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला सगळ्या समजल्या असत्या. ती वळलीच नाही.

पुढं पुष्कळ वर्षांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पाय चेपता चेपता मी सांगून टाकलं, “आत्याबाई, ती करणी नव्हती. मला मालूम होतं.”

“मलाबी,” त्या म्हणाल्या. “तुला बघायला आलतो, तवा तुझी आजी उंबऱ्याला हळदच लावत बसलती की.”

“मग बोलला का न्हाई?”

“लोक म्हणले असते, सून तिकडचीच आणली. तुलाबी पंपावरून हाकललं असतं.” चेपायला दुसरा पाय पुढं करत त्या म्हणाल्या, “अन् तू लई झ्याक खोटं बोललीस. म्हणलं, टिकंल ही पोरगी हितं.”

टिकले की! आता गल्लीत कुणी नवीन बिऱ्हाड आलं, की पोरीबाळी मलाच विचारतात, “आजी, तुम्ही इथल्या जुन्या. कशी हायती ही माणसं?” आणि या वयातसुद्धा, तोंड उघडण्याआधी मी कोण कोण ऐकतंय ते बघते.