ऑर्किडच्या कुंडीतली थुंकी

चाकणच्या ज्या कंपनीत मी पार्ट तपासायचं काम करते, तिथे आमच्या तपासणीच्या खोलीच्या खिडकीखाली एक कोपरा होता. सकाळचं कोवळं ऊन यायचं आणि दुपारी भिंतीची सावली. ग्राउंड ऑर्किडला नेमकं हेच लागतं, म्हणून नणंदेनं सावंतवाडीहून आणून दिलेलं रोप मी तिथे कुंडीत लावलं. हे झाडावर नव्हे, मातीत वाढणारं ऑर्किड. माडाच्या कोवळ्या रोपासारखी चुण्याचुण्यांची पानं, आणि मधल्या उंच दांड्यावर एकेक करून उमलणारी जांभळी फुलं. पहिल्या वर्षी शिफ्ट सुटताना बायका ती बघायला थांबायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. झाडलोट करणाऱ्या मावशी जवळच्याच गावच्या, शेतात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "पानी जास्त झालं आसंल. ह्याला वलावा पायजे, चिखल न्हाई." मी पाणी कमी केलं. तरी पानांची बुडं काळी पडत गेली.

मग एकदा वाकून बघताना वास आला. गोडसर, आंबूस, कुजका. मी माती बोटानं उकरली. वरच्या थराखाली तांबूस चिकट लगदा होता, त्यात सुपारीचे चावलेले तुकडे आणि चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या. ते सगळं माझ्या नखात अडकलं. बेसिनपर्यंत जेमतेम पोचले आणि ओकले. साबणानं तीनदा हात धुऊनही त्या दिवशी डबा उघडवला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी खिडकीशी बसून राहिले. आले ते आमचे सर. मला मायक्रोमीटर धरायला शिकवणारे, पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवणारे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एक पान हलक्या हातानं बाजूला केलं, तंबाखू-सुपारीच्या माव्याची लांब पिचकारी मारली आणि पान पुन्हा जागेवर आणून ठेवलं. ते पान सारखं करणं मला थुंकण्याहून किळसवाणं वाटलं.

"सर, झाड आहे त्यात," मी खिडकीतूनच म्हटलं.

"माहितीय गं. बेसिन लांब पडतं." मग हसून म्हणाले, "तंबाखूनं कीड लागत नाही. उलट थँक्यू म्हण."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची आजही शिसारी येते.

संध्याकाळी कुंडी पोत्यात गुंडाळून कंपनीच्या बसनं चिखलीला घरी नेली. बाल्कनीत कागद पसरून ती उपडी केली. बहुतेक कंद दाबले की बोटात पाणी सुटावं इतके सडले होते. दोनच टणक निघाले. ते धुतले, ब्लेडनं कुजका भाग कापला, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली आणि दोन दिवस सावलीत सुकवले. नव्या कुंडीत विटांचे तुकडे, कोळसा, वाळू, पालापाचोळ्याचं खत घातलं. कंद अर्धे मातीच्या वर राहतील असे बसवले, कारण पुरले की हे सडतात. माती वरून सुकायला लागली की पाणी, आणि तळाशी ते साचू द्यायचं नाही, एवढंच सांभाळलं. दीड महिन्यानं एका कंदाला कोंब आला. दुसरा गेला.

कंपनीत मात्र सर एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "कोपरा भकास दिसतोय. ते झाड आण की परत."

"नाही आणणार," मी म्हटलं. "तुम्ही त्यात थुंकून थुंकून ते सडवलंत. मी हातानं काढलंय ते सगळं."

या वेळी कुणी हसलं नाही. सर लाल झाले. "एवढं काय त्यात," असं पुटपुटत निघून गेले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मला चालतं.

मावशी दाराशी पोछा घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, शाबासकी देतील.

"बरं बोललीस," त्या म्हणाल्या. "झाडासाठी तरी कुनी बोललं. जिन्यातलं, पायपामागचं, सायबांच्या बेसिनातलं, समदं मी रोज हातानंच काढते."

"मावशी, ग्लोव्हज देत नाहीत?"

"मागितले व्हते. फाटलेलं दिलं."

त्या जिन्यानं मी कितीतरी वर्षं नाकाला ओढणी लावून वर गेले होते. ती घाण रोज कोण काढतं, हे कधी मनातही आलं नव्हतं. मावशींनी पोछा बादलीत पिळला. तांबडं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं, आणि मी तोंड फिरवलं.